ठिपके, शिखर आणि संगणक

महागावच्या गल्लीत दिवाळीच्या पहाटे रांगोळी घालणारी मुलगी आधी चित्र काढत नाही. ती ठिपके मांडते. पंधरा ठिपके पंधरा ओळी, की मधले ठिपके घेत पंधरा ते आठ, हे एकदा ठरले की पुढची आकृती बरीचशी त्या मांडणीतूनच उमलते. संगणकावर त्रिमितीय कलाकृती घडवणाऱ्या आजच्या कलावंताची रीतही याच जातीची आहे. हूडिनी किंवा ब्लेंडर या प्रणालींत तो आकार कोरत बसत नाही, आकार घडवणारा नियम रचतो. एक आकडा बदलला की सारी रचना नव्याने उभी राहते. ‘मग यात कला कुठली? सारे यंत्रच करते,’ असा शेरा सुशिक्षित मंडळीही मारतात. रांगोळीला मात्र ती कला म्हणतात!

सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहावे. भूमिज शैलीच्या या शिखरावर चार दिशांना चार लता खालून वर गेल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी आहेत, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. स्थपतीने यातले प्रत्येक शिखर स्वतंत्र कल्पिलेले नाही. एकाचा आकार, ओळींची संख्या, भूमींची संख्या आणि दर भूमीला होणारी घट एवढे निश्चित झाले की शिखर निश्चित झाले. भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त भूमिज प्रासादांचे विवेचन आहे. पवईच्या आय.आय.टी.तील प्रा. कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली एका शोधनिबंधात हिंदू मंदिराच्या रचनेतील ही स्वसदृश पुनरावृत्ती उलगडून दाखवली.

येथे ‘हे तर आमच्याकडे होतेच’ म्हणून टाळी घेण्याचा मोह होतो. ती टाळी मीही वाजवली आहे. पण हूडिनी घडली टोरँटोत, ब्लेंडर नेदरलँड्समध्ये. त्यातही ब्लेंडर सर्वांसाठी खुली झाली ती २००२ साली, लोकांनी सात आठवड्यांत जमवलेल्या एक लाख युरोंच्या वर्गणीतून! त्याच फुकट प्रणालीवर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस याने केलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. लॅटव्हियाची लोकसंख्या वीस लाखांहून कमी. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच २७ लाखांवर होती.

तेव्हा अडचण साधनांची उरलेली नाही, मापांची आहे. एखाद्या हेमाडपंती मंदिराचे ढासळलेले शिखर संगणकावर पुन्हा उभारावे असे महागावच्या मुलाला वाटले, तर मोजणीचे कागद त्याच्या हाती सहजी लागत नाहीत. मग तो अंदाजाने आकडे भरतो आणि पडद्यावर जे उभे राहते ते ना विदर्भाचे असते, ना कुठल्या शास्त्राचे. संगणकाला नियम लागतो. अभिमान त्याला कळत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत चार तरुणांनी रीतसर परवानगी घेऊन जवळच्या एका मंदिराचे अधिष्ठान, खांब आणि कोन मोजावेत. मोजफीत, ओळंबा, वही एवढे पुरे. छायाचित्रांसाठी मोबाइल खिशात आहेच.