वाघ दिसला नाहीं

दरवर्षीं हिंवाळा लागला म्हणजे आमच्या शाळेंत सहलीचे वारे वाहूं लागतात. कोठें जावयाचें असें विचारलें असतां निम्म्याहून अधिक मुलें एकच नांव घेतात, तें पेंचचें. नागपुराहून दोन तासांच्या वाटेवर असें अरण्य असावें हें आपल्या शहराचें मोठें भाग्य होय. १९७५ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें व १९९९ सालीं त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. दक्षिणेस ताडोबा आहे, तें १९५५ सालचें, महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. शिवाय नवेगांवबांध, बोर, उमरेड-कऱ्हांडला हीं अरण्यें आहेतच. मुलांस रानांत नेण्याची एवढी सोय फार थोड्या शहरांच्या वांट्यास आली असेल. तरीहि या सहलींविषयीं आमच्या मनांत एक शल्य आहे, आणि तें पालकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

मागें एकदां आम्ही मुलांस घेऊन सिल्लारीच्या फाटकांतून पेंचमध्यें गेलों होतों. संध्याकाळीं गाडी शाळेच्या आवारांत परतली तेव्हां पालक वाट पाहत उभे होते. प्रत्येकाच्या तोंडीं एकच प्रश्न: "काय रे, वाघ दिसला कां?" मुलें मान खालीं घालून म्हणत, "नाहीं." "मग पाहिलेंत तरी काय?" "कांहींच नाहीं!"

हें "कांहींच नाहीं" म्हणजे काय होतें, तें आम्हीं त्याच उघड्या जिप्सींत बसून पाहिलें होतें. एका वळणावर वानरांची टोळी झाडावर पाला खात होती आणि खालीं पडलेला पाला चितळांचा कळप टिपीत होता. वानर उंचावरून दूरचें पाहतो, चितळास वास लवकर येतो. दोघांपैकीं कोणीहि धोक्याचा इशारा दिला कीं दुसरा सावध होतो. पुढें ऐनाचीं झाडें लागलीं, त्यांची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. मग पांढऱ्या सालीचा कुलू आला. त्याची पानें झडल्यावर चांदण्यांत तो कसा दिसत असेल हें सांगावयास नको. लोक त्यास भुताचें झाड म्हणतात तें उगाच नव्हे. एक रानगवा रस्त्यालगत रवंथ करीत उभा होता. आणि सर्वांत शेवटीं, नाल्यापलीकडे सांबराची हांक ऐकूं आली. गाइडनें बोट ओठांवर ठेवलें, गाडी थांबली, आणि ज्या वर्गास आम्हीं कधीं दोन मिनिटें गप्प बसवूं शकलों नाहीं तो सारा वर्ग दहा मिनिटें श्वास रोखून बसला. वाघ जवळपास असावा. तो बाहेर आला नाहीं, इतकेंच. आमच्या मतें त्या दिवसाची सर्वांत मोलाची दहा मिनिटें तींच होत.

मुलांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. फाटकावर उतरतांच आम्हीं स्वतः गाइडला पहिला प्रश्न विचारला तो, "आज वाघाचा योग कितपत?" असाच होता. शिक्षकच असें विचारूं लागले तर मुलांनीं दुसरें काय शिकावें?

पैसे खर्चून पाठवावें आणि मुलानें वाघ न पाहतां परत यावें, याचें पालकांस वाईट वाटणें स्वाभाविक आहे. परंतु वाघ नुसता डोळ्यांनीं पाहावयाचा असेल तर गोरेवाडा आहे. २६ जानेवारी २०२१ पासून तेथील प्राणिसंग्रहालय खुलें झालें आहे. पेंचमध्यें जावयाचें तें, जेथें वाघास न दिसण्याचें स्वातंत्र्य आहे अशा ठिकाणीं आपण पाहुणे म्हणून कसें वागावें, हें शिकण्यासाठीं. पाहुण्यानें हट्ट धरला म्हणजे काय होतें हें आपण आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर पाहिलें. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एका वाघिणीची व तिच्या पांच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्ही बाजूंनीं अडविली. बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपणहून दखल घेतली. त्या गाड्यांतील मंडळी शिकलेलींच असावींत. त्यांनाहि लहानपणीं कोणीतरी "वाघ दिसला कां?" एवढेंच विचारलें असेल काय, असें आमच्या मनांत येऊन गेलें.

पेंच नदीवर तोतलाडोहचें धरण आहे, आणि आपल्या नागपूरकरांच्या घरीं नळास येणारें बरेंचसें पाणी याच नदीचें आहे. सकाळीं तांब्या भरतांना हें किती मुलांस ठाऊक असतें? वाघ न दिसला तरी आपलें पाणी कोणत्या रानांतून येतें तें एकदां पाहून यावें, हें सहलीस पुरेसें निमित्त आहे.

आणि तो गाइड! तो बहुधा फाटकाजवळच्याच एखाद्या गांवचा असतो. मुलें त्यास दादा म्हणतात, पण विचारतात फक्त वाघाविषयीं. मोहफुलें केव्हां वेंचतात, तेंदूपत्ता कसा खुडतात, गोठ्यांतील गाय वाघानें नेली म्हणजे घरांत काय होतें, हें त्यास विचारावें. आपण ज्यास पाहण्यासाठीं तिकीट काढतों त्याच्या शेजारीं तो माणूस बारमाही राहतो. मारुति चितमपल्ली यांनीं नवेगांवबांध येथें वर्षानुवर्षें राहून मराठी वाचकांस रान दाखविलें. त्यांची पुष्कळशी विद्या अशाच रानांतल्या माणसांच्या पायाशीं बसून मिळविलेली होती.

पाहण्याची संवय मात्र सहलीच्या दिवशीं एकाएकीं लागत नाहीं, ती आधीं घराजवळ लागावी लागते. १८४५ सालीं नागपुरास आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे शाळा चालवीत, आणि आपले सहकारी हंटर यांच्यासह पायीं फिरतांना शहरालगतच्या टाकळी येथें त्यांस लाव्हाच्या थरांमध्यें गोड्या पाण्यांतील प्राण्यांचे शंख दगड होऊन पडलेले आढळले. त्यासाठीं त्यांस दूर जावें लागलें नाहीं. सेमिनरी हिल्सवर, अंबाझरीच्या कांठीं किंवा फुटाळ्यावर एखाद्या शनिवारीं सकाळीं मुलांबरोबर तासभर चालण्यास खर्च जवळजवळ शून्य. ज्या घरांस सफारीचा खर्च झेपत नाहीं त्यांचीं मुलें यांत मागें पडण्याचें कारण नाहीं.

ज्यांस शक्य असेल त्यांनीं पेंचला एक रात्र मुक्काम करावा, अशी आमची शिफारस आहे. जानेवारी २०२४ मध्यें या व्याघ्रप्रकल्पास भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोली वगैरे गांवांतील दिव्यांचा उजेड आतां खालीं जमिनीकडेच पडतो. नागपुरांत वाढलेल्या मुलानें आकाशगंगा बहुधा पुस्तकांतच पाहिलेली असते.

त्या सहलीनंतर आम्हीं मुलांस वहींत एक पान लिहावयास सांगितलें. पुष्कळांनीं वाघाचें चित्र काढलें, न दिसलेल्या वाघाचें! सातवींतील एका मुलीनें मात्र गाइडदादांच्या गांवाचें नांव, त्यांनीं सांगितलेलीं नऊ झाडांचीं नांवें आणि सांबराची हांक कशी येते तें स्वतःच्या अक्षरांत लिहून काढण्याचा प्रयत्न केला होता. चार दिवसांनीं तिचे वडील शाळेंत आले. आम्हांस वाटलें, तक्रार घेऊन आले असावेत. ते म्हणाले, "गुरुजी, ती म्हणते ऐनाचें झाड नागपुरांतहि असेल. कोठें शोधावें?"