समुद्राकाठचा रिकामा दिवस

शुक्रवारी ऑफिस आटोपून पुण्यातून गाडी काढायची आणि ताम्हिणी उतरून मध्यरात्री दिवेआगर गाठायचे. शनिवारी सकाळी गणपतीचे दर्शन, दुपारी श्रीवर्धन, संध्याकाळी हरिहरेश्वर. रविवारी सकाळी दिघीहून होडीने जंजिरा आणि रात्री पुन्हा घाटातल्या गाड्यांच्या रांगेत. सोमवारी 'मस्त झाली ट्रिप' म्हणणारा माणूस दुपारी तीन वाजता खुर्चीत पेंगत असतो. या दोन दिवसांत नवरा-बायकोचे जे बोलणे झाले, ते बहुतेक रस्ता, पार्किंग आणि जेवणाची ऑर्डर यांबद्दलच.

ही सहल असेल, पण हिला विश्रांती म्हणता येत नाही. दोन्हींतला फरक शरीराला चांगला कळतो.

नेदरलँड्समधील संशोधकांनी ८० नोकरदारांची चार-पाच दिवसांची छोटी सुट्टी तपासली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुट्टीच्या काळात बहुतेकांची प्रकृती आणि मनःस्थिती सुधारलेली दिसली. ज्यांना निवांतपणा मिळाला, ज्यांचे मन कामातून खरोखर सुटले आणि ज्यांनी जोडीदाराशी गप्पांत जास्त वेळ घालवला, त्यांच्यात सुधारणा अधिक होती. नमुना लहान आहे, त्यावरून सिद्धांत मांडू नये. तरीही आपल्या धावत्या कोकण सहलीत नेमक्या याच तीन गोष्टींना जागा नसते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

समुद्राच्या हवेतच औषध आहे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. लाटांमुळे हवेत ऋण आयन वाढतात आणि मन प्रसन्न होते, असा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. अशा आयनांवरच्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा चिंता किंवा एरवीच्या मनःस्थितीवर त्यांचा ठोस परिणाम आढळला नव्हता. त्यामुळे गाडीची काच खाली करून दहा मिनिटे खारा वारा घेतला, तर केस तेवढे चिकट होतील.

मुक्कामाचेही तसेच. नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की परक्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो पहारेकऱ्यासारखा थोडा जागा राहतो. म्हणजे एक रात्र दिवेआगर आणि दुसरी मुरूड, अशी आखणी केली की दोन्ही रात्री 'पहिल्या'च. दोन रात्री एकाच खोलीत काढणे हा त्यावरचा साधा, बिनखर्चाचा उपाय आहे.

मग दिवसभर करायचे काय? वेळापत्रक समुद्रावर सोपवावे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणून चारने भागले, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाणी मागे गेलेले असते आणि ओल्या, घट्ट वाळूवरून दोघांना शेजारी शेजारी लांबवर चालता येते. (पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र हिशेबावर न विसंबता गावकऱ्यांना विचारावे, पावसाळ्यात तर उतरूच नये.) दुपारचे ऊन सुपारीच्या वाडीत लोळून काढावे. घरगुती खानावळीत जेवण आधी सांगावे लागते, हीदेखील सोयच समजावी. काय खायचे, कुठे खायचे, हा दिवसातला सर्वांत मोठा वाद सकाळीच मिटतो.

अवघड भाग पुढेच आहे. असा दिवस दोघांनाही मिळतो का? बॅगा कोणी भरल्या, खोली कोणी शोधली, सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या डब्यात आहेत हे फोनवर कोण सांगते, मुलांना आजोळी सोडले असेल तर दर दोन तासांनी चौकशी कोण करते? बऱ्याच घरांत या सगळ्यांचे उत्तर एकच असते. नवऱ्याने ऑफिसचा मेल बंद केला की तो सुटला. बायकोचे काम मेलवर येत नाही, त्यामुळे ते बंदही करता येत नाही. आरामखुर्च्या दोन असतात, पण त्यांपैकी एका खुर्चीत ड्युटी चालू असते. सुट्टीचा फायदा मोजताना मन कामातून सुटले का, हे पाहतात. मग घरकामालाही काम म्हणायला हवे. त्या दिवसापुरता घरचा फोन नवऱ्याने घेतला, गोळ्यांचा डबा त्याने माहीत करून घेतला, तर समुद्र दोघांच्या वाट्याला येईल. यासाठी संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

असा दिवस घालवला तरी त्याचा परिणाम फार टिकत नाही, हेही सांगायला हवे. लांब सुट्ट्यांवरच्या एका डच अभ्यासात प्रसन्नतेचा कळस आठव्या दिवशी आला आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सारे पूर्ववत झाले. त्यावरून सुट्टी फुकट गेली, असा अर्थ काढणे चुकीचे. रात्रीची झोपही दुसऱ्या रात्रीपर्यंतच पुरते. वर्षातून एकदा कर्ज काढून केलेल्या परदेशवारीपेक्षा तीन-चार वेळा केलेला दोन रात्रींचा मुक्काम खिशाला झेपणारा आहे, आणि गणपती, जंजिरा, हरिहरेश्वर यांपैकी प्रत्येक वेळी एकच पाहिले तरी चालण्यासारखे आहे. उरलेली दोन ठिकाणे पुढच्या खेपेलाही तिथेच असतील.