शेवटचे कडवे गाळू नका

गेल्या चौदा एप्रिलची गोष्ट. नाशिक रोडला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक चालली होती. ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांतून एक गाणे घुमत होते आणि पुढे पोरे बेभान नाचत होती. मी मित्राला विचारले, "गाणे कुणाचे रे?" त्याने गाणाऱ्याचे नाव सांगितले. "आणि रचले कुणी?" ते त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. दोन कडवी होताच ते गाणे तोडून दुसरे सुरू झाले.

रात्री घरी मी तेच गुणगुणत होतो. आजीने ते उचलले आणि शेवटपर्यंत म्हटले. तिची चाल मिरवणुकीतल्या चालीहून वेगळी होती, संथ. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव आले. "अरे, आपल्या वामनदादांचे हे," ती म्हणाली. "तुम्हांला शेवटपर्यंत ऐकायचा धीर नाही, मग नाव कसे कळायचे?"

आजीचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. वामनदादा कर्डक काही परके नव्हेत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला तो आपल्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले. एकाने वाचून दाखवायला पत्र पुढे केले आणि आपल्याला अक्षर येत नाही याची लाज वाटून रडू आले, असे ते सांगत. मग मोठ्या वयात मुळाक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. १९४३ साली पहिले गाणे रचले. पुढे गावोगाव हिंडून बाबासाहेबांचा विचार गाण्यातून सांगितला. त्यांच्या गाण्यांची संख्या काही हजारांत भरेल. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली निघाला, 'मोहळ' १९७६ साली. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी ते गेले.

वर्गात आपण लोकसाहित्य शिकतो तेव्हा 'कर्ता अज्ञात' असे टिपून घेतो. पण येथे कर्ता अज्ञात नाही. तुकोबांनी अभंगात, पठ्ठे बापूरावांनी लावणीत नाव गुंफले, तसेच वामनदादांनी शेवटच्या कडव्यात गुंफले. त्यांना अज्ञात करतो आहोत ते आपण!

कोणी म्हणेल, त्यांच्या कित्येक चाली सिनेमातल्या होत्या, मग त्यांना रचनाकार कसे म्हणावे? मला हा आक्षेप पटत नाही. १९११ साली 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-चिजांचा आधार घेतला, त्याचे आपण कौतुकच करतो. मग एकाला कलावंत आणि दुसऱ्याला नक्कल करणारा का म्हणायचे? ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या ओठी गाणे एका बैठकीत बसावे, म्हणून ओळखीची चाल घेणे हीसुद्धा एक कारागिरी आहे. शिवाय गाणे गावोगाव गेले की चालही बदलते. आजीची चाल त्याचाच पुरावा आहे.

दूर मेक्सिकोत हुआन रेनोसो (१९१२–२००७) नावाचा एक खेडवळ व्हायोलिनवादक होऊन गेला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. स्वतःच्या रचना आणि जुन्या वादकांकडून मिळालेल्या कितीतरी चाली त्याच्या बोटांतच होत्या. अमेरिकेतले शिकलेले वादक त्याच्यापाशी जाऊन बसले आणि त्या चाली त्यांनी लिहून काढल्या. १९९७ साली त्याच्या देशाने त्याला राष्ट्रीय पुरस्कारही दिला. वामनदादांचे शब्द पुस्तकांत बरेचसे आले आहेत. पण शब्दांच्या पुस्तकात आजीची चाल कोठे सापडणार?

म्हणून माझे मत असे की, मराठी विभागाने यंदा हे काम अंगावर घ्यावे. आपल्यापैकी प्रत्येकाने घरातल्या, गल्लीतल्या एका वृद्ध माणसाकडून एक गाणे पूर्ण ऐकावे, चालीसह ध्वनिमुद्रित करावे, कुठे आणि कुणाकडून शिकले ते लिहावे. फोन तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. लागते ती फक्त जरा वेळ बसण्याची तयारी. माझी आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिच्यासारख्या बायका फार काळ आपल्याला पुरणार नाहीत.

आपल्या नाशिक रोडला नोटा छापतात. सही नसलेली नोट कोणी घेईल का? मग सही कापलेले गाणे आपण कसे चालवून घेतो? येत्या जयंतीला मिरवणुकीच्या मंडळींना माझी एवढीच विनंती राहील : गाणी चार कमी वाजवा, पण वाजवाल ती शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवा.