सामाईक फळा कोणी पुसावा?

आजच्या विद्यार्थ्याला संगणक ही काही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. शाळेत तो आहे, आणि वडील माणसांच्या खिशातील फोनच्या रूपाने घरोघरीही तो पोहोचला आहे. परंतु ज्या वस्तूचा आपण नित्य उपयोग करतो, तिच्या अंतरंगाविषयीचे कुतूहल मात्र त्या मानाने वाढलेले दिसत नाही. संगणकाचा अभ्यास म्हणजे कोणती कळ दाबली असता काय होते याची यादी पाठ करणे, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत, आणि क्वचित आम्हां शिक्षकांतही, रूढ झाली आहे. ही समजूत मला हानिकारक वाटते. ती का, हे एका उदाहरणाने सांगण्याचा येथे विचार आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. तरीही या विषयाने मला ओढून घेतले, याचे कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहारातलाच आहे. अनेकांनी मिळून एक वस्तू वापरावयाची, तर तिची निगा कोणी राखावी?

संगणकात प्रत्यक्ष चालू असलेल्या आज्ञावलीला 'प्रोसेस' असे म्हणतात. एकाच वेळी अशा शेकडो प्रोसेस चालू असतात आणि प्रत्येकीला मेमरीचा आपापला भाग नेमून दिलेला असतो. एकीला दुसरीच्या भागात डोकावता येत नाही. हा बंदोबस्त ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. एकीची चूक तिच्यापुरतीच राहते ती या भिंतींमुळेच. पण दोघींना एकाच माहितीवर काम करावयाचे असेल तर? दर वेळी नक्कल करून ती पलीकडे धाडणे हा एक मार्ग. मात्र मजकूर मोठा असला म्हणजे त्यात फार वेळ जातो. दुसरा मार्ग असा की, मेमरीचा एक तुकडा दोघींनाही खुला करून द्यावा. दोन वर्गांच्या मधल्या पडवीत एक फळा टांगावा आणि दोन्ही वर्गांनी त्यावर लिहावे-वाचावे, तसा हा प्रकार. यालाच सामाईक मेमरी म्हणतात. नक्कल करण्याचे श्रम वाचत असल्यामुळे हा मार्ग अत्यंत जलद आहे.

येथवर प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिमांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो शाळा सुटल्यावर. फळा वापरणारे सारे निघून गेले; आता त्याचे काय करावे?

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९८३ साली युनिक्सची 'सिस्टिम फाइव्ह' ही आवृत्ती काढली. तिच्या पद्धतीत सामाईक तुकडा एका अंकाने ओळखला जातो, आणि कोणी स्पष्ट आज्ञा देऊन काढून टाकीपर्यंत तो राहतोच. वापरणाऱ्या सर्व प्रोसेस संपल्या, तरी संगणक बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत तो जागा अडवून बसतो. ज्या प्रोसेसने तो काढावयाचा, तीच मध्ये कोसळली, तर मागे उरतो बेवारस फळा. मग असे तुकडे शोधून काढून टाकण्याचे काम संगणकाच्या व्यवस्थापकाच्या माथी येते.

१९९३ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीने याच्या उलट नियम केला. तेथे सामाईक तुकडा कोणकोणत्या प्रोसेसच्या हाती आहे याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः ठेवते, आणि शेवटचा हात सुटताच तुकडा नाहीसा होतो. प्रोसेस सुखाने संपो वा कोसळो, तिचे हात सोडविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच करते. त्याच वर्षी 'पॉझिक्स' या प्रमाणसंहितेत आणखी एक रीत आली. तीत तुकड्याला फाइलीसारखे नाव असते. ते नाव काढून टाकले तरी जे आत काम करीत आहेत त्यांचे काम अडत नाही; फक्त नव्याने कोणी येऊ शकत नाही, आणि शेवटचा बाहेर पडला की जागा मोकळी होते. परंतु नाव काढण्यास कोणी विसरले, तर येथेही तुकडा मागे उरतोच.

अँड्रॉइड फोनच्या कर्त्यांनी तर सिस्टिम फाइव्हची रीत मुळातच वर्ज्य केली. फोनची मेमरी अपुरी पडू लागली की अँड्रॉइड मागे पडलेल्या प्रोसेस पूर्वसूचना न देता संपविते. अशा ठिकाणी जाणाऱ्याने फळा पुसून जावे ही अपेक्षा व्यर्थच होय.

एवढ्यावरून जुनी रीत अगदीच टाकाऊ होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. पोस्टग्रेएसक्यूएल ही माहितीसंग्रह सांभाळणारी प्रसिद्ध आज्ञावली अनेक प्रोसेस मिळून चालविते, आणि त्या साऱ्या एका मोठ्या सामाईक मेमरीवर काम करतात. २०१३ सालच्या ९.३ या आवृत्तीत तिच्या कर्त्यांनी यासाठी सिस्टिम फाइव्हची रीत सोडली. पण एक लहानसा तुकडा त्या जुन्या रीतीचाच राखला. कारण त्या रीतीत तुकड्याशी किती प्रोसेस जोडलेल्या आहेत ही संख्या विचारता येते. पॉझिक्सच्या रीतीत ती सोय नाही. मुख्य प्रोसेस कोसळल्यावर तिची एखादी जुनी सोबतीण अजून जिवंत आहे काय, हे त्या संख्येवरून कळते, आणि दोन पिढ्यांनी एकाच संग्रहावर लिहून त्याचा नाश करण्याचे संकट टळते.

हीच आज्ञावली विंडोजवर निराळ्याच अडचणीत सापडली. युनिक्समध्ये नवी प्रोसेस ही जुनीची प्रतिकृती म्हणून जन्मते, त्यामुळे सामाईक तुकडा तिला त्याच पत्त्यावर आयता मिळतो. विंडोजमध्ये तसा वारसा नाही. नव्या प्रोसेसला तो तुकडा आपल्या घरात नव्याने मांडून घ्यावा लागतो. नेमकी ती जागा दुसऱ्या कशाने व्यापलेली असली, तर प्रोसेस सुरूच होत नसे. शेवटी नवी प्रोसेस कामास लागण्यापूर्वीच तिच्या घरात ती जागा राखून ठेवण्याचा उपाय योजावा लागला.

आणि एका गोष्टीत यांपैकी कोणतीही व्यवस्था आपणहून साहाय्य करीत नाही. फळ्यावर १०० हा आकडा आहे असे समजा. दोन प्रोसेसनी एकाच क्षणी तो वाचला. एकीने १० मिळवून ११० लिहिले, दुसरीने २० मिळवून १२० लिहिले. फळ्यावर उरले १२०. हवे होते १३०. हे टाळण्यासाठी पाळी ठरवावी लागते. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात त्यासाठी 'सेमाफोर' ही युक्ती सुचविली. साधने प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम देते. ती वापरण्याची शिस्त मात्र लिहिणाऱ्याची.

माझे मत असे की, सामान्य नियम 'शेवटचा गेला की जागा मोकळी' हाच असावा, आणि मागे ठेवावयाचे असेल त्याने तसे स्पष्ट सांगावे. प्रत्येक जण आठवणीने आवरून जाईल या भरवशावर उभी केलेली व्यवस्था सज्जनांच्या हातीही बिघडते. कारण सज्जनालाही अकस्मात जावे लागते. माझे हे मत विद्यार्थ्यांनी मान्य केलेच पाहिजे असे नाही. त्यांनी ते तपासावे एवढीच अपेक्षा आहे.

शाळेच्या वयात हे कशाला, असे काही पालक विचारतील. आज्ञांची नावे बदलतात. पाठ केलेली यादी काही वर्षांत निरुपयोगी होते. पण सामाईक वस्तू कोणाची, ती एका वेळी कोणी वापरावी आणि शेवटी कोणी आवरावी, हे तीन प्रश्न ज्या मुलाने एकदा मनापासून विचारले, त्याला कोणतीही नवी ऑपरेटिंग सिस्टिम परकी वाटणार नाही. उद्या बँकेचे किंवा रुग्णालयाचे काम याच मुलांनी लिहिलेल्या आज्ञावलींवर चालावयाचे आहे. तेथे हरवलेले ते १० रुपये कोणाच्या तरी खात्यातले असतील.