मस्तकीचं गाव आणि एकच दार



काष्टौषधीच्या दुकानात 'रुमी मस्तकी' मागितली की पिवळसर-पांढरे खडे देतात. माल अस्सल असेल तर तो येतो ग्रीसच्या खिओस बेटावरून, तोही बेटाच्या दक्षिण भागातून. तिथल्या २४ गावांना मस्तकीची गावंच म्हणतात. त्यातलं एक छोटं गाव म्हणजे मेस्ता.

झाड पिस्त्याच्या कुळातलं, सावकाश वाढणारं. उन्हाळ्यात बुडाखालची जमीन झाडून सपाट करायची, वर चुनखडीची पांढरी पूड पसरायची, मग सालीला बारीक चिरा द्यायच्या. डिंकाचे थेंब पुडीवर पडतात, वाळले की वेचायचे. पुढे हिवाळाभर घरोघरी बाया सुरीनं एकेक खडा साफ करतात. एवढं करून एका झाडाला वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम माल!

१३४६ ते १५६६ या काळात बेट जेनोवाच्या व्यापाऱ्यांकडे होतं. मेस्ता त्यांनी गढीसारखं बांधलं. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हाच गावाचा तट, आत अरुंद बोळ. चाच्यांपासून बचाव व्हायचा, आणि डिंकावरही नजर राहायची. विक्रीचा हक्क त्यांचा, चोरट्या विक्रीला जबर शिक्षा. नंतर तुर्कांनी करसुद्धा डिंकातच घेतला. म्हणजे झाड गावाचं, घाम गावाचा आणि दार मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. १९१२ मध्ये बेट ग्रीसमध्ये आलं, तरी भाव काही शेतकऱ्याच्या हाती आला नाही.

खरा बदल झाला १९३८ साली. मस्तकी उत्पादकांचा संघ उभा राहिला. कायद्यानंच ठरलं की सगळा माल संघातच घालायचा. प्रतवारी, प्रक्रिया आणि विक्री एकाच ठिकाणाहून. युरोपियन युनियनचं भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं ते १९९७ मध्ये. हा क्रम नीट बघा: आधी संघ, जवळजवळ साठ वर्षांनी शिक्का.

आपल्याकडे उलटं चाललंय. वायगाव हळद, भिवापुरी मिरची, हापूस, सगळ्यांना जीआय मिळालं. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं, आणि बाहेरचा आंबा कोकणच्या नावानं विकला जातोच आहे. उत्पादक कंपनीचा सभासदसुद्धा बांधावर दोन रुपये जास्त मिळाले की माल व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. त्याला दोष देत नाही. घरात पैशाची नड असते आणि व्यापारी रोख देतो. पण मग कंपनीकडे विकायला उरतं काय?

कोणी म्हणेल, सक्ती आपल्याकडे चालायची नाही. खरंय, आणि ती असूही नये. एकच खरेदीदार उद्या मुजोर झाला तर जायचं कुठं? कांदा-सोयाबीनला हा नमुना लागूही पडत नाही, ती पिकं सगळीकडे होतात. पण जे पीक ठरावीक मातीतच चांगलं येतं, तिथं निदान अर्धा माल कंपनीतच घालायचा करार आपणहून करता येतो. त्यासाठी कंपनीनं माल घेतानाच काही रक्कम हातावर ठेवली पाहिजे.

कृषी विभागातल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. जीआयचा प्रस्ताव करताना नकाशा आणि माती अहवालासोबत 'माल कुठल्या दारातून जाणार' हे एक पान जोडा. ते पान कोरं असेल तर शिक्क्याची घाई करू नका.