पीपीओ दाखल करा!

माजी सैनिकाविरुद्ध पोटगीचा अर्ज आला की आपण काय दाखल करतो? सहा महिन्यांचे बँक विवरण. झाले काम! आणि मग वाचकांची पत्रे येतात, कौटुंबिक न्यायालय अपंगत्व निवृत्तिवेतन सरसकट उत्पन्नात धरते म्हणून. धरणारच. पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) अभिलेखावर नसेल तर न्यायाधीशांनी घटक वेगळे काढायचे कुठून?

शेवटचे वेतन 40,000 रुपये धरा. सेवा घटक 20,000. अपंगत्व 30 टक्के, ब्रॉड-बँडिंगने (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याने) 50. म्हणजे अपंगत्व घटक 6,000. दोन्हींवर महागाई मदत. शंभर टक्के अपंगत्व असलेल्याला वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने मिळणारा परिचर भत्ता निराळा. पासबुकात मात्र सगळ्याची मिळून एक रक्कम. त्यात सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मंजूर केलेली थकबाकी नेमकी त्याच सहामाहीत जमा झाली, तर तिचीही सरासरी निघते. एकदाच आलेला पैसा दरमहाचे उत्पन्न ठरतो आणि अंतरिम आदेश त्यावर होतो.

'रजनेश विरुद्ध नेहा' (2020) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला शपथपत्राचा नमुना अपंगत्वाची चौकशी करतो ती वैद्यकीय तपशिलात. उत्पन्नाच्या रकान्याशी तिची गाठ घातलेली नाही. पण घटकांचा स्वतंत्र तक्ता जोडायला कोणी हात धरले आहेत?

काही जण तर भलत्याच टोकाला जातात. करमुक्त आहे, म्हणे, म्हणून उत्पन्नच नव्हे! निवृत्तिवेतनाच्या जप्तीला मनाई करणारे पेन्शन अधिनियमाचे कलम 11 पत्नीच्या पोटगीआड येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगून झाले, तरी त्याचाही युक्तिवाद पुन्हा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1987 मध्ये मुलांच्या पोषणखर्चासाठी अपंग सैनिकाचा भत्ता हिशेबाबाहेर ठेवला नाही.

आमच्या मते सेवा घटक पूर्ण मोजावा, अपंगत्व घटकातून औषधोपचाराचा सिद्ध झालेला खर्च आधी वजा व्हावा, परिचर भत्त्याला हात लावू नये. अर्थात संसार चालू होता तोवर परिचर बहुधा पत्नीच होती, आणि तिच्या वकिलाने ते ठणकावून सांगावे.

तेव्हा दुरुस्तीसह सर्व पीपीओ, 'स्पर्श' या संरक्षण निवृत्तिवेतन पोर्टलवरची पेन्शन स्लिप, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, औषधांची बिले पहिल्याच तारखेला दाखल करा. सप्टेंबर 2023 च्या नियमांनंतर काहींच्या कागदांवर अपंगत्व घटकाऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नाव दिसेल. ते काय आहे हे शपथपत्रातच लिहा. आणि थकबाकी धरून ठरलेला आदेश अजून चालू असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली फेरफाराचा अर्ज याच महिन्यात लावा.