लॅटिन गाण्यांचा आनंद आणि स्वभाषेचा धडा

स्पॅनिश भाषेचा एक शब्दही न जाणणारी आपल्याकडील अनेक तरुण मुले आज पोर्तो रिको आणि कोलंबिया येथील गायकांची गाणी आवडीने ऐकतात. ती ऐकून घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. 'शब्द कळत नाहीत, तर ऐकायचे काय?' हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. मात्र 'ऐकणे बंद करा' हे त्याचे उत्तर नव्हे. 'अधिक नीट ऐका' हे आहे. कारण या गाण्यांत केवळ नाचायला लावणारा ठेका नाही. स्वतःची भाषा गमावण्याचा आणि ती पुन्हा मिळवण्याचा एक इतिहासही त्यांत दडलेला आहे.

प्रथम ठेक्याविषयी. क्यूबाच्या संगीतात 'क्लावे' नावाच्या दोन आखूड लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवतात. आपल्या टिपऱ्यांच्या त्या दूरच्या बहिणीच म्हणाव्यात. त्यांवर पाच आघातांचे एक आवर्तन सतत फिरत राहते, एका अर्धात तीन आघात आणि दुसऱ्यात दोन. गायक, पियानोवादक, ढोलवादक हे सारे याच आवर्तनाला बांधलेले असतात. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्या माणसांचे ताल आणि स्पेनमधून आलेली गिटार व गीतरचना यांच्या संगमातून हे संगीत जन्मले. सम आणि खाली ओळखणाऱ्या भारतीय कानाला त्याची गोडी लागावी, यात नवल ते काय?

तसे पाहिले तर ही गोडी आपल्यालाही जुनीच आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात लॅटिन ठेके मोठ्या रसिकतेने योजले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक त्यांच्या साथीला होते. त्याच चित्रपटात सी. रामचंद्रांनी अस्सल भारतीय वळणाची अंगाईही दिली. परक्याचा ठेका घेतला म्हणून त्यांचे स्वत्व हरवले नाही. ज्याची मुळे घट्ट असतात, त्याला वाऱ्याचे भय नसते, हेच खरे.

आता भाषेविषयी. रिची व्हॅलेन्स हा अमेरिकेत जन्मलेला मेक्सिकन वंशाचा मुलगा. त्याचे मूळ नाव रिचर्ड व्हॅलेन्झुएला. व्यवसायाच्या सोयीसाठी हे नाव छाटून सुटसुटीत करण्यात आले. तो इंग्रजीच्या वातावरणात वाढला होता आणि स्पॅनिश त्याला धड येत नव्हती. तरीही १९५८ मध्ये त्याने व्हेराक्रुझ प्रांतातील 'ला बाम्बा' हे लोकगीत स्पॅनिशमध्येच गायिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, विमान अपघातात त्याचा अंत झाला. १९८७ मध्ये 'लॉस लोबोस' या वाद्यवृंदाने हेच गीत पुन्हा गायिले आणि ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

टेक्सासमधील सेलेनाची कथाही अशीच. तिची बोलण्याची भाषा इंग्रजी. वडिलांनी स्पॅनिश गाणी उच्चारांवरून पाठ करवून घेतली आणि गाता गाता तिने ती भाषा आपलीशी केली. १९९५ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी तिची हत्या झाली. तोपर्यंत ती लक्षावधी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांचा अभिमान बनली होती. घरातून निसटलेली भाषा गाण्याच्या दारातून परत आली, ती अशी.

बाजारपेठेचा आग्रह मात्र वेगळा होता. मोठे व्हायचे असेल तर इंग्रजीत गा, हा तेथील अलिखित नियमच होता. रिकी मार्टिनने १९९९ मध्ये आणि शकीराने २००१ मध्ये इंग्रजी गीतसंग्रह काढले आणि दोघांनाही जगभर यश लाभले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. शकीराने तर मेहनतीने इंग्रजी शिकून स्वतः गीते लिहिली. प्रश्न एवढाच की, हा एकच मार्ग होता काय?

काळाने त्याचे उत्तर दिले. २०१७ मध्ये लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी यांचे 'देस्पासितो' हे गीत अमेरिकेत सलग सोळा आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याच्या नव्या आवृत्तीत सामील झालेल्या जस्टिन बीबरलाही ध्रुवपद स्पॅनिशमध्ये गावे लागले. पुढे पोर्तो रिकोच्या बॅड बनीने तर इंग्रजीचा मार्ग धरलाच नाही. तरीही २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग तीन वर्षे स्पॉटिफायवर जगात सर्वाधिक ऐकला गेलेला कलावंत तोच होता. २०२५ च्या गीतसंग्रहात त्याने आपल्या बेटाचे पारंपरिक 'प्लेना' संगीत आणले आणि सान हुआन येथील कार्यक्रममालिकेचे पहिले नऊ कार्यक्रम केवळ बेटावरील रहिवाशांसाठी राखून ठेवले. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या अधिपत्याखाली आहे आणि तेथील शाळांतून इंग्रजी लादण्याचे प्रयत्न अनेक दशके झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

या गाण्यांतील शब्द उथळ, क्वचित अश्लीलही असतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याच परंपरेत पनामाचे रुबेन ब्लेड्सही आहेत. विली कोलोन यांच्यासह १९७८ मध्ये काढलेल्या 'सिएम्ब्रा' या संग्रहात त्यांनी साल्साच्या ठेक्यावर गल्लीबोळांतील माणसांचे जगणे मांडले. आपल्याकडेही अभंग आहे आणि उडत्या चालीची गाणीही आहेत. एकावरून दुसऱ्याची पारख कोणी करीत नाही. तेव्हा येथेही नीरक्षीरविवेक हवा. आणि तो करायचा तर शब्दांचा अर्थ जाणून घेण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. अर्थ न कळता नाचणे हा अर्धाच आनंद आहे.

तरुणांनी ही गाणी खुशाल ऐकावीत. ऐकताना मात्र एक प्रश्न स्वतःला विचारावा: जे स्पॅनिशला साधले, ते मराठीला का साधू नये? स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे, हे खरे. पण सेलेनाच्या घरात भाषा टिकली, ती संख्येमुळे नव्हे, एका बापाच्या आग्रहामुळे. अमेरिकेतील मराठी घरांत वाढणारी दुसरी पिढी मराठी समजते, पण बोलताना अडखळते. पुण्या-मुंबईतील अनेक घरांची स्थिती आज याहून फारशी वेगळी नाही. त्या मुलांना व्याकरणाआधी गाणे द्यावे. जिभेवर गाणे रुळले, की भाषा मागोमाग येते.